पाहुण्यांचं पाणी

तायनान, १९ ऑगस्ट

यूनशान,

मी बोलत नाहीये, लिहितोय. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे "बाबांनी शपथ मोडली" म्हणून आईपाशी दात काढणार नाहीस. तीन वर्षांपूर्वी वांगये देवासमोर मी म्हणालो होतो की या तोंडाने त्या मुलीशी एक शब्द बोलणार नाही. तोंडाने म्हणालो होतो. हाताचं नाव घेतलं नव्हतं. देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष आहे मी. शपथेतली पळवाट मला नाही सापडणार तर कुणाला?

लिहायचं कारण तुझी आई. ती म्हणते, तू तिकडे तायपेईत प्रयोगशाळेत बसून डासांच्या पोटात काय आहे ते बघतेस आणि इकडे आपल्या गल्लीत डेंग्यू आलाय, तर तुला कळवायला हवं. मी म्हणालो, तूच कळव, रोज न्हाणीघराचं दार लावून तासभर फोनवर कुणाशी कुजबुजतेस ते मला कळत नाही असं समजू नकोस. तर म्हणाली, "मी कळवलंय हो. आता तुम्ही कळवा." 

तर कळवतो. शिंपला गल्लीत आजवर अकरा जण पडलेत. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बोटातून रक्ताचा थेंब घेतात, पट्टीवर टाकतात आणि थांबायला सांगतात. एक रेघ आली तर घरी जा, दोन आल्या तर डेंग्यू. माशाची पेज विकणाऱ्या आपल्या चुनताओ वहिनीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, तशी ती डॉक्टरला म्हणाली, "या वयात? आणि नवरा जाऊन नऊ वर्षं झाली की हो!" सगळा दवाखाना हसला. चार दिवस फणफणली आणि पाचव्या दिवशी पुन्हा चुलीपाशी उभी. म्हणजे आजार काही एवढा मोठा नाही.

शिवाय मी बंदोबस्त केलाय. पंचांगातला सातवा महिना लागला त्याच दिवशी बैठक बोलावली. म्हातारी माणसं म्हणत होती की यंदा चांगले भाऊ, या महिन्यात ज्यांना भुतं म्हणायचं नसतं ते, रागावलेत. ज्यांच्या नावाने पाणी सोडणारं मागे कुणी उरलं नाही असे ते बिचारे, महिनाभराची सुटी मिळून येतात, दमलेले असतात, आणि आपण दारात हातपाय धुवायला ठेवलेलं घमेलं पूजा आटोपली की लगेच ओतून टाकतो. पाहुण्याचा एक पाय धुऊन होतोय न होतोय तोच पाणी काढून घ्यावं तसं. मला पटलं. मी देवळाच्या भोंग्यावरून जाहीर केलं की यंदा ताप गल्लीतून जाईपर्यंत प्रत्येक दारात पाण्याचं घमेलं आणि नवा पंचा राहील, आणि कुणी ते पाणी ओतायचं नाही. त्रेसष्ट घरं, त्रेसष्ट लाल घमेली. एका रांगेत अशी शोभतात की बघत राहावं.

तू असतीस तर नाक मुरडलं असतंस. नाहीस तेच बरं.

होंग श्वेवांग

तायनान, २७ ऑगस्ट

यूनशान,

तुझं खोकं मिळालं. मच्छरदाणी आईने लगेच बांधली. विजेरी मी घेतली, कारण माझी बिघडली होती. सोबतची चिठ्ठीही वाचली. तीन वर्षांनी मुलगी बापाला लिहिते आणि काय लिहिते?

"घमेली ओता. आजच. रिकामी करून कडा घासा, अंडी कडेला चिकटलेली असतात. ताप आला तर अंगावर काढू नका, रक्त तपासून घ्या. दुखण्याच्या इतर गोळ्या घेऊ नका, फक्त पॅरासिटामॉल. आणि ताप उतरल्यावर सगळे हसतात तेव्हा घाबरा. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी, यातलं एक जरी दिसलं तरी थेट इस्पितळ. ताप उतरलेला दिवस हा आजाराचा शेवटचा दिवस नसतो."

बस. "बाबा, कसे आहात" नाही, "गुडघा कसा आहे" नाही. जप्तीची नोटीससुद्धा याहून मायेने लिहिलेली असते. नोटीस लिहिण्यात तुझा हात कोण धरणार म्हणा. तीन वर्षांपूर्वी, इथल्या आरोग्य खात्यात असताना, देवाच्या वाढदिवसाला, सगळ्या गल्लीदेखत, गाभाऱ्यातली बांबूची फुलदाणी उचलून उजेडात धरलीस, "यात अळ्या आहेत" म्हणालीस, आणि जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात बापाचं नाव लिहिलंस. मी खुणेने विनवत होतो, हे तरी बघायचंस. तुझ्या आरोग्य खात्याच्या जाकिटाला वाटलं असेल की म्हातारा माश्या हाकलतोय.

चाळीस वर्षं मी माशांच्या तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो. पाणी जड झालं, पाणी आजारी पडलं, माशांना श्वास पुरत नाही, हे मला नुसत्या वासाने कळायचं. आणि तू मला पाणी शिकवणार! आपल्या दारातलं घमेलं मी रोज सकाळी स्वतः बघतो. पाणी स्वच्छ आहे.

चिठ्ठी आईने फ्रिजवर चिकटवली. मी काढली, तिने पुन्हा चिकटवली.

होंग श्वेवांग

ता. क. अळ्या व्हायला साधारण किती दिवस लागतात? असंच विचारतोय.

तायनान, ८ सप्टेंबर

यूनशान,

आईला काल दुपारपासून ताप आहे. आज सकाळी दवाखान्यात नेलं. दोन रेघा आल्या.

तुला तिने सांगितलं असेल "थोडी कणकण आहे". थोडी नाही, एकोणचाळीस अंशांच्या वर आहे. डोळ्यांमागे दुखतंय म्हणते, हाडं मोडल्यासारखी वाटतात म्हणते. डॉक्टरांनी घरी पाठवलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, उद्या पुन्हा रक्त तपासणार आहेत. मच्छरदाणीतून दिवसासुद्धा बाहेर यायचं नाही म्हणाले, तिला चावलेला डास दुसऱ्याला चावेल म्हणून. गोळी पॅरासिटामॉलचीच दिली. कपाटातली माझी गुडघ्याची गोळी मी काल तिला द्यायला काढली होती, ती परत ठेवली. फ्रिजवर नजर गेली होती.

आता एक गोष्ट लिहितो, ती आईलाही माहीत नाही.

मागच्या पत्रात पाणी स्वच्छ आहे असं लिहिलं ते खोटं होतं. त्याच्या आदल्या दिवशी पहाटे तुझी विजेरी घमेल्यावर मारून बघितली होती. पाणी वळवळत होतं. मी खाली बसून आणखी जवळून बघितलं. तीच वळवळ जी तू फुलदाणीत दाखवली होतीस आणि मी म्हणालो होतो की कचरा आहे. मग कुणी उठायच्या आत आपलं घमेलं गटारात ओतलं, नवं पाणी भरलं, आणि गप्प बसलो. भोंग्यावरून सांगायचं म्हणजे आपणच दिलेला हुकूम आपणच गिळायचा. बासष्ट घरांच्या दारात तेच वळवळत असणार हे मला कळत होतं, आणि मी लोकांना वाकून नमस्कार करत गल्लीतून हिंडत होतो.

त्यात घमेलं घासलंही नाही. तू लिहिलं होतंस कडा घासा. मला वाटलं, ओतलं म्हणजे झालं. आज सकाळी बघितलं, नव्या पाण्यात पुन्हा तेच. अंडी कडेला होतीच, मी त्यांना ताजं पाणी पाजलं.

डॉक्टर म्हणाले कुठला डास चावला ते कुणालाच सांगता येत नाही. त्यांना नसेल सांगता येत. मला तोंड दाखवायला जागा नाही.

श्वेवांग

तायनान, ९ सप्टेंबर

यूनशान,

आज सकाळी भोंगा सुरू करायला देवळात गेलो तर चुनताओ वहिनी उदबत्त्या लावत होती. तिला म्हणालो, घमेली ओतायला सांगणार आहे. तिने कपाळाला हात लावला.

"अध्यक्ष, महिना संपायला चार दिवस उरलेत. पाहुणे दारात आहेत. आता त्यांच्या समोरचं पाणी कोण ओतेल? तुम्हीच सांगितलंत ना, ओतलं तर ते रागावतील म्हणून?"

"मग आता मीच सांगतो की ओता."

"तुमचं कोण ऐकतंय! तुम्ही आज एक सांगता, उद्या दुसरं. देवाला विचारा. देवाने हो म्हटलं तर मी पहिली ओतेन."

कौल लावायला बसलो. चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन्ही लाकडी कोरी हातात घेतल्या, नाव सांगितलं, गल्ली सांगितली आणि विचारलं, "पाहुण्यांचं पाणी ओतू का?" टाकल्या. दोन्ही कोरी सपाट बाजू वर करून पडल्या, म्हणजे धड हो नाही आणि नाहीही नाही. देव हसला.

वहिनीही हसली. "हसेल नाहीतर काय करेल? तुमचा प्रश्नच बावळट आहे. ओतू नका असं त्याने कधी सांगितलं होतं? तेव्हा विचारलं होतंत का त्याला?"

नव्हतं विचारलं. यूनशान, वीस वर्षं अध्यक्ष आहे. देवळाचं छत गळतंय तर कोणत्या दिवशी कौलं बदलायची हेही देवाला विचारून करतो. आणि हे एवढं मोठं, ते मात्र विचारलं नव्हतं. मीच देव झालो होतो.

कोरी पुन्हा उचलल्या. या वेळी म्हणालो, "चूक माझी होती. दुरुस्त करू का?"

एक वर, एक खाली. हो. कौल पक्का व्हायला तीनदा हो लागतो, म्हणून पुन्हा टाकल्या. हो. तिसऱ्यांदा टाकताना एक कोर घरंगळत वहिनीच्या चपलेपर्यंत गेली. तिने वाकून बघितलं आणि ओरडली, "हो म्हणतोय! उठा आता, गुडघे दुखतील."

मग भोंग्यावर बोललो. म्हणालो, घमेली न ओतण्याचा हुकूम माझा होता, देवाचा नव्हता, आणि त्या पाण्यात अळ्या आहेत हे मला दोन आठवड्यांपासून माहीत आहे. एवढं बोलल्यावर वाटलं की आता दगड येतील. दगड आले नाहीत. घासण्या बाहेर आल्या. वहिनीने उदबत्ती लावून चांगल्या भावांची माफी मागितली, "पाय धुऊन झाले असतील तर जरा सरका" म्हणाली, आणि पहिलं घमेलं ओतलं. उरलेल्या दारांत मी स्वतः गेलो. कुंड्यांखालच्या ताटल्या बघितल्या, छतावरच्या बादल्या बघितल्या. तू कशी बघायचीस ते आठवून बघितलं, उचलून, तिरकं करून, उजेडात धरून. सत्तावीस घरांत अळ्या निघाल्या. काहींनी तोंडावर सुनावलं. एका घरात तिघं आजारी आहेत, त्या घरच्या म्हातारीने घमेलं माझ्या हातात ठेवलं आणि दार लावून घेतलं. ते जास्त लागलं.

देवळाची विहीर उपसता येत नाही, म्हणून माझ्या जुन्या तळ्यावरून गप्पी मासे आणून सोडले. निदान माशांचं तरी मला कळतं.

आईचा ताप उतरलेला नाही. तू फोनवर तिला सांगतेस तसं ती दर तासाला पिते आणि मला शिव्या देते.

श्वेवांग

तायनान, १३ सप्टेंबर, इस्पितळाच्या बाकावरून

यूनशान,

तू आईला फोन लावत असशील. तिचा फोन माझ्या खिशात आहे. तो वाजतो आणि मी बघत बसतो. आज शपथ तोडावी असं सतरा वेळा वाटलं. पण देवाने नुकतंच तीनदा हो म्हटलंय आणि आई अजून आत आहे. या घटकेला देवाशी वाकडं घ्यायचं धाडस माझ्यात नाही. म्हणून नर्सला फोन दिला, ती तुझ्याशी बोलली. बाकीचं इथे लिहितो.

परवा सकाळी आईचा ताप उतरला. कपाळ गार लागलं तेव्हा मी लहान पोरासारखा नाचलो. उठून बसली, केस विंचरले. पीडा टळली की काय करायचं ते आपल्या घरात कुणाला शिकवायला लागत नाही. बाजारात गेलो, डुकराचे पाय आणले, दोन तास शिजवले, लांब शेवया सोडल्या. वहिनीही आली. "बघा, मी म्हटलं नव्हतं? चार दिवसांचा खेळ असतो," म्हणाली.

आईने तीन घास खाल्ले आणि वाडगा खाली ठेवला. "पोटात दुखतंय हो."

"चार दिवस उपाशी आणि एकदम एवढं तुपकट," वहिनी म्हणाली. "आल्याचं पाणी द्या, झोपू द्या."

मलाही तेच वाटलं. आलं काढायला फ्रिजपाशी गेलो. तुझी चिठ्ठी समोर होती. ताप उतरल्यावर सगळे हसतात तेव्हा घाबरा. रोज वाचून वाचून ती चिठ्ठी मला दिसेनाशी झाली होती, त्या दिवशी दिसली. मागे वळलो तर आईने उलटी केली. मग पुन्हा. हात धरला तर गार आणि ओला.

वहिनी म्हणाली, "पाय पचले नाहीत."

मी म्हणालो, "पाय गेले खड्ड्यात. गाडी काढ."

डॉक्टर म्हणाले की नसांतलं पाणी बाहेर झिरपायला लागलं होतं, रक्तदाब खाली येत होता, प्लेटलेट्स बत्तीस हजारांवर. "ताप उतरला म्हणून घरी निजवून ठेवलं असतंत तर संध्याकाळपर्यंत अवघड झालं असतं. कुणी सांगितलं तुम्हाला आणायला?" मी म्हणालो, "माझ्या मुलीने." मोठ्याने म्हणालो. शेजारचे चार लोक वळून बघायला लागले.

दोन दिवस सलाइन चालू आहे. दर चार तासांनी रक्त घेतात. पहिल्या दिवशी मी तुझा राग राग करण्यासाठी कारणं शोधत होतो, माणसाला धरायला काहीतरी लागतं. एकही सापडलं नाही. फुलदाणीत अळ्या होत्या, यूनशान. तेव्हाही होत्या. मला दिसल्या होत्या.

आत्ताच नर्स बाहेर आली. अडतीस हजार. चढतेय म्हणाली.

तायनान, १७ सप्टेंबर

यूनशान,

काल आई घरी आली. प्लेटलेट्स एक लाख दहा हजार. हातांवर बारीक लाल पुरळ आहे, ते बरं होण्याचं असतं म्हणे, आणि ती खाजवते आणि माझ्यावर खेकसते. तिचा आवाज पूर्ववत झालाय.

गल्लीत पाच दिवसांत दोनच नवे आजारी निघाले. डॉक्टर म्हणतात आधी चावून गेलेल्या डासांचा हिशेब अजून काही दिवस चालेल, आनंद करायला थांबा. मी थांबायला शिकलोय. रोज सकाळी भोंग्यावरून ओरडतो, "उचला, ओता, घासा, पालथं घाला!" लोक मला आता अध्यक्ष म्हणत नाहीत, पालथेकाका म्हणतात. वहिनीने हे नाव काढलंय.

आई सांगत होती की तायपेईहून मदतीला पथक येतंय, परवा दिवशी आपल्या भागात घरोघर फिरणार, आणि त्यात तू आहेस. मला हे तिने अशा चेहऱ्याने सांगितलं जणू भाजीचा भाव सांगतेय.

शपथेचं काय करायचं म्हणून देवळात गेलो. कोरी हातात घेतल्या आणि विचारलं, "मुलीशी बोलू का?" टाकल्या.

देव हसला.

मी पुन्हा टाकल्या नाहीत. का ते समोर आल्यावर लिहीन.

श्वेवांग

तायनान, १९ सप्टेंबर, सकाळ

यूनशान,

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. आपल्या दारातल्या लाल घमेल्याखाली ठेवलंय. घमेलं पालथं आहे, कोरडं आहे, कडा तारेच्या घासणीने घासल्यात. दुसरा कुणी तपासनीस असता तर पालथं बघून पुढे गेला असता. तू कुठलंही भांडं उचलून खाली काय आहे ते बघितल्याशिवाय पुढे जात नाहीस. आपलं भांडण याच खोडीवरून झालं. तुझी आई आज ओट्यापाशी उभी आहे तीही याच खोडीमुळे.

तर बघितलंस ना?

कौलाचं सांगतो. पहिल्यांदा देव हसला तेव्हा वहिनी म्हणाली होती की प्रश्न बावळट आहे. परवाही हसला. कोरी परत जागेवर ठेवताना उमजलं की हा प्रश्न त्याचा नव्हताच. पाणी साठवायचा हुकूम द्यायच्या आधी देवाला विचारायला हवं होतं, तिथे मी स्वतःच ठरवलं. आणि पोरीशी बोलायचं स्वतः ठरवायला हवं होतं, तिथे तीन वर्षं देवाला मधे उभं केलं. शपथ मोडल्याचं जे काही व्हायचं ते माझं होईल.

छतावर गेलीस तर शिडीची तिसरी पायरी सैल आहे. मागच्या कुंड्यांच्या ताटल्या मी काढून टाकल्यात, तरी बघ. वहीत काही लिहायचं असलं तर लिही, जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात माझंच नाव घाल, कसं लिहायचं ते तुला येतं.

डुकराचे पाय पहाटेपासून शिजताहेत. या वेळी डॉक्टरांना विचारून. आईने तीन वाडगे मांडलेत आणि शेवया अजून सोडलेल्या नाहीत, तू आल्यावर सोडेन म्हणते, नाहीतर चिकट होतात.

तू हे वाचतेस तेव्हा मी दाराच्या आतल्या बाजूला उभा आहे. तुझी गाडी गल्लीत शिरली तेव्हापासून उभा आहे. घमेलं खाली ठेव आणि दार वाजव. पहिला शब्द मी बोलेन.

बाबा